ठोकळ्यांचें अंतराळयान



दिवाळीच्या दिवसांत पुण्याच्या जुन्या पेठांतून फेरफटका केल्यास अंगणाअंगणांतून मुलांनीं उभारलेले किल्ले दृष्टीस पडतात. दगडविटांचा ढीग रचावयाचा, त्यावर पोतीं अंथरावयाचीं, वरून चिखल लिंपावयाचा, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरावयाची आणि माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ति बसवावयाची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या किल्ल्यांचें वैशिष्ट्य असें कीं, दोन घरचे दोन किल्ले कधींहि सारखे नसतात. त्यांचा नकाशा कोणी छापून देत नाहीं. दरवाजा कोणत्या अंगास ठेवावा, तट कोठून वळवावा, पाण्याचें टांकें कोठें खणावें, हें बांधणारा मुलगाच ठरवितो. बुरूज ढासळला तर तो कां ढासळला हें पाहून पुनः लिंपतो. सण सरला कीं किल्ला मोडला जातो, आणि पुढील वर्षीं त्याच दगडांतून नवाच किल्ला उभा राहतो.

मुठेच्या कांठचें वारजे हें एके काळीं असेंच मातीचें आणि शेतांचें गांव होतें. आज तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत असून मुंबईहून बंगळूरूस जाणारा महामार्ग त्याच्यामधून जातो. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आठव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला किल्ल्यापुरती माती आणि किल्ल्याएवढें अंगण मिळणें कठीण झालें आहे. त्याच्या रचनेच्या हौसेला दुसरें साधन लागतें; आणि पुष्कळ घरांत तें साधन म्हणजे एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा होय.

या ठोकळ्यांतून मुलें घरें बांधतात, मोटारी बांधतात. परंतु अंतराळयानाचें आकर्षण कांहीं निराळेंच असतें. वारज्याच्या मुलांना तर तें विशेष असावयास हवें. वारज्याहून शिवणें, उत्तमनगर, कोंढवे-धावडे या गांवांवरून जो रस्ता पुढें जातो, तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दाराशीं पोंचतो. १९६६ सालीं राकेश शर्मा हे विमानदलाचे छात्र म्हणून याच प्रबोधिनींत दाखल झाले, आणि ३ एप्रिल १९८४ रोजीं सोयूझ टी-११ या रशियन यानांतून अंतराळांत जाणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर एकेचाळीस वर्षांनीं, २५ जून २०२५ रोजीं, शुभांशु शुक्ला यांनीं उड्डाण केलें आणि दुसऱ्या दिवशीं ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोंचले. तेहि याच प्रबोधिनीचे विद्यार्थी. म्हणजे अंतराळाची वाट वारज्याच्या अगदीं शेजारून गेली आहे, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

आतां या ठोकळ्यांचें यान दोन प्रकारांनीं तयार होतें. दुकानांतून बंद खोकें आणावयाचें, आंतील पुस्तिकेंतल्या चित्रांबरहुकूम एकेक तुकडा लावावयाचा, आणि शेवटीं खोक्यावरील चित्रासारखेंच यान हातीं घ्यावयाचें, हा पहिला प्रकार. जवळ असतील ते ठोकळे घेऊन आपणच यान योजावयाचें आणि बांधावयाचें, हा दुसरा. पहिल्या प्रकारांत चिकाटी लागते आणि हाताला वळणहि लागतें. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु रचना म्हणावयाची ती दुसऱ्या प्रकारालाच. त्या रचनेंत काय काय येतें, आणि घरच्या मंडळींनीं तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ठोकळ्याची ओळख करून घेणें इष्ट होईल. डेन्मार्क देशांतील बिलुंड या गांवीं ओले किर्क क्रिस्तियानसेन नांवाच्या सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करण्याचा उद्योग आरंभिला. ‘चांगलें खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्यानें आपल्या मालाला लेगो हें नांव दिलें. १९४९ सालीं त्याच्या कारखान्यांतून प्लास्टिकचे ठोकळे बाहेर पडूं लागले. ती कल्पना मूळची त्याची नव्हे. इंग्लंडांत हिलरी पेज यानें तसे ठोकळे आधींच काढले होते. परंतु हे पहिले ठोकळे आंतून पोकळ असल्यामुळें एकमेकांवर नुसते बसत, एकमेकांना धरून ठेवीत नसत. बांधलेलें घर उचलूं गेल्यास तें हातांतच सुटें होई. ही उणीव दूर करण्यास जवळजवळ नऊ वर्षें लागलीं. ओलेचा मुलगा गोटफ्रेड यानें ठोकळ्याच्या पोटांत उभ्या नळ्या बसविल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजीं त्या युक्तीच्या पेटंटाचा अर्ज केला. खालच्या ठोकळ्याच्या माथ्यावरील घुंड्या वरच्या ठोकळ्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्यें चिमटल्या जातात. त्यामुळें सांधा पक्का होतो, आणि मुलाच्या हातानें सहज सुटतोहि. १९६३ पासून एबीएस या नांवानें ओळखलें जाणारें अधिक टणक प्लास्टिक वापरांत आलें. मापांतील काटेकोरपणा असा कीं, १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बरोबर बसतो. अंतराळयानाची स्वारी या खेळांत थाटानें आली ती १९७८ सालीं. येन्स न्यूगोर्ड क्नुडसेन या रचनाकारानें हातपाय हलविणारा चिमुकला माणूसहि त्याच साली तयार केला, आणि निळ्या-करड्या रंगांच्या व पिवळ्या पारदर्शक कांचांच्या त्या यानांनीं एका पिढीचें मन वेधून घेतलें.

या ठोकळ्याचें सारें सामर्थ्य त्याच्या मापांत आहे. एका घुंडीच्या मध्यापासून शेजारच्या घुंडीच्या मध्यापर्यंतचें अंतर ८ मिलिमीटर असतें. ठोकळ्याची उंची, घुंडी वगळून, ९.६ मिलिमीटर. याच जातीचा एक चपटा ठोकळा असतो, त्याची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन चपटे मिळून एक पुरा ठोकळा. हीं तीन मापें ज्याला पाठ झालीं त्याला या कलेचीं मुळाक्षरें आलीं, असें समजण्यास हरकत नाहीं. या थोड्याशा अक्षरांतून किती शब्द होतात, तें ऐकून नवल वाटतें. दोन ओळींत चार-चार घुंड्या असलेला ठोकळा सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाच रंगाचे असे दोन ठोकळे २४ प्रकारांनीं जोडतां येतात. तीन घेतल्यास प्रकार होतात १,०६०. आणि सहा ठोकळ्यांचे प्रकार, कोपनहेगन येथील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनीं सहकाऱ्यांसह संगणकावर मोजले त्याप्रमाणें, ९१,५१,०३,७६५ भरतात. एका मुठींत मावणाऱ्या सहा ठोकळ्यांची ही कथा. मग डबाभर ठोकळ्यांत किती यानें दडलीं असतील! छापील पुस्तिका त्यांतील एकच दाखविते.

यान योजतांना पहिला प्रश्न त्याच्या आकाराचा नव्हे, कामाचा विचारावा. हें यान कोणाला, कोठें आणि कशासाठीं नेणार आहे? वातावरणांतून परत यावयाचें असेल तर त्याला पंख किंवा उष्णता सोसणारें बोथट तोंड हवें. केवळ पोकळींतून ग्रहाग्रहांमध्यें फिरावयाचें असेल तर पंखांचा कांहींच उपयोग नाहीं. तेथें इंधनाच्या टांक्या आणि सूर्यप्रकाश झेलणारीं पंखासारखीं पात्रें हवींत. चंद्रावर उतरावयाचें असेल तर पाय हवेत. काम ठरलें कीं आकार आपोआप अर्धा ठरतो, आणि तो विनाकारण विचित्र होत नाहीं.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. यानांत तो चिमुकला माणूस बसावयाचा असेल, तर मोजमाप त्याच्यावरून घ्यावें. टोपी सोडून त्याची उंची चार ठोकळ्यांएवढी असते. त्याच्या अंगाला दोन घुंड्यांची रुंदी पुरते, पण हात मोकळे राहण्यास त्याहून थोडी अधिक लागते. शिवाय दोन्ही अंगांस भिंती. म्हणून सहा घुंड्यांची रुंदी बहुधा सोयीची पडते. माणूस बसवावयाचा नसेल, तर प्रमाण मोकळेपणानें ठरवितां येतें, आणि येथें शाळेंतलें त्रैराशिक हाताशीं येतें.

उदाहरणार्थ, चांद्रयान-३ ला घेऊन गेलेला एलव्हीएम-३ हा भारताचा प्रक्षेपक घ्यावा. त्याची उंची ४३.५ मीटर, मधल्या खोडाचा व्यास ४ मीटर, आणि दोन्ही बाजूंस बिलगलेल्या एस-२०० या घन इंधनाच्या खोडांचा व्यास ३.२ मीटर. शंभरास एक असें प्रमाण धरलें तर मधलें खोड ४० मिलिमीटर रुंद होतें. आठानें भागलें कीं बरोबर पांच घुंड्या. बाजूचीं खोडें ३२ मिलिमीटर. म्हणजे बरोबर चार घुंड्या. उंची ४३५ मिलिमीटर. म्हणजे पंचेचाळीस ठोकळ्यांहून किंचित्‌ अधिक. इतका सुबक मेळ पाहून मुलाला आनंद होतो, आणि लगेच त्याच्यापुढें अडचण उभी राहते. पांच ही विषम संख्या, चार ही सम. पांच घुंड्यांचा मध्य एका घुंडीच्या डोक्यावर येतो, चार घुंड्यांचा मध्य दोन घुंड्यांच्या सांध्यावर. बाजूचें खोड मधल्या खोडाला नेमकें मध्यावर लावूं गेल्यास तें अर्ध्या घुंडीनें सरकलेलेंच राहतें. यावर उपाय म्हणून एक चपटा तुकडा मिळतो. दोन घुंड्यांच्या लांबीचा, पण माथ्यावर मध्यभागीं एकच घुंडी असलेला. तो मधें घातला कीं अर्ध्या घुंडीचा फरक भरून निघतो.

अडचण एवढ्यावर संपत नाहीं. या प्रक्षेपकाच्या माथ्यावरील, उपग्रहाला झांकणाऱ्या टोपणाचा व्यास ५ मीटर आहे. म्हणजे आपल्या प्रमाणांत सव्वासहा घुंड्या. सव्वा घुंडी कोणत्याहि डब्यांत मिळत नाहीं. सहा घ्याव्या तर टोपण दोन मिलिमीटर बारीक होतें आणि सम-विषमाचा तंटा पुनः उपस्थित होतो. सात घ्याव्या तर मध्य जुळतो, पण डोकें सहा मिलिमीटर जाड होऊन यान बेढब दिसतें. येथें पुस्तिका नसते, आणि बरोबर उत्तरहि नसतें. काय सोडावें आणि काय राखावें याचा निर्णय बांधणाऱ्यालाच करावा लागतो. दहा वर्षांच्या मुलाला असा निर्णय आपल्या जबाबदारीवर करण्याची संधि दिवसांतून किती वेळां मिळते, याचा विचार वडील मंडळींनीं अवश्य करावा.

हें एस-२०० चें खोड वारज्याच्या मुलाला परकें वाटण्याचें कारण नाहीं. खऱ्या प्रक्षेपकाच्या त्या ३.२ मीटर व्यासाच्या पोलादी कवचाचे भाग पुणें जिल्ह्यांतच, इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरच्या कारखान्यांत घडविलेले आहेत. मेजावरच्या चार घुंड्या आणि वालचंदनगरचें पोलाद यांच्यामध्यें एका शंभराच्या भागाकाराचें अंतर आहे, हें मुलाला कोणीतरी समजावून सांगितलें पाहिजे.

प्रमाण ठरल्यावर सांगाडा. गवंडी भिंत बांधतांना खालच्या थरांतील सांध्यावर वरच्या थरांतील सांधा येऊं देत नाहीं. तोच नियम येथें लागू आहे. लांब ठोकळे आडवे घालून त्यांचे सांधे चुकवीत एक कणा तयार करावा, आणि मग त्या कण्याला पुढें तोंड, मागें यंत्रें व बाजूंना पंख जोडावे. नवशिका मुलगा बहुधा उलट करतो. तो आधीं आवडीचें नाक बांधतो, मग शेपूट, आणि शेवटीं दोहोंना एका लहानशा तुकड्यानें जोडतो. तें यान मेजावर शोभतें आणि उचलतांच कमरेंत मोडतें.

यानंतर एक महत्त्वाची युक्ति. ठोकळ्यांच्या घुंड्या नेहमीं वर असतात. त्यामुळें सारी रचना जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. यानाची कूस गुळगुळीत किंवा गोलसर हवी असेल, तर कांहीं ठोकळे आडवे करून लावावे लागतात. त्यासाठीं कुशीला घुंड्या असलेले तुकडे मिळतात. परंतु आडवा ठोकळा उभ्या ठोकळ्यांशीं मापानें जुळला पाहिजे, आणि तेथें पुनः अंकगणित उपयोगी पडतें. चपट्या ठोकळ्याची उंची ३.२ मिलिमीटर, पांच चपटे मिळून १६ मिलिमीटर, आणि दोन घुंड्यांची रुंदीहि १६ मिलिमीटर. म्हणजे पांच चपट्यांची उंची आणि दोन घुंड्यांची रुंदी अगदीं समान. हा एक मेळ ध्यानांत ठेवला कीं उभ्या-आडव्या रचना एकमेकींत बेमालूम बसवितां येतात. पंखांना तिरकस कोन हवा असल्यास बिजागरीचे तुकडे घ्यावे.

सजावट सर्वांत शेवटीं करावी, आणि तीहि बेतानें. जेथें खऱ्या यानांत नळ्या, झडपा, यंत्रें उघडीं दिसतील, तेथेंच बारीकसारीक तुकड्यांची गर्दी शोभते. सगळीकडे तशीच गर्दी केली तर पाहणाऱ्याची नजर कोठेंच ठरत नाहीं. रंगांचेंहि तेंच. एक मुख्य रंग, एक जोडीचा आणि एक थोडासा उठावासाठीं, इतके बहुधा पुरे होतात. डब्यांत एकाच रंगाचे तुकडे पुरेसे नसतात ही तक्रार नेहमींची आहे. तेथें निराळ्या रंगाचा पट्टा योजून उणिवेचें नक्षींत रूपांतर करणें हीच खरी हुशारी. तुकडे वेगळे करून ठेवतांना ते रंगावरून न निवडतां आकारावरून निवडावे. एकाच आकाराच्या ढिगांतून हवा तो रंग डोळ्यांना चटकन्‌ सांपडतो. पण एकाच रंगाच्या ढिगांतून हवा तो आकार शोधतांना सारा रविवार संपतो.

यान पुरें झालें कीं त्याची परीक्षा. ती अगदीं सोपी आहे. यान एका हातानें मध्यावर धरून उचलावें आणि झपाट्यानें हवेंतून फिरवावें. जें गळून पडेल तें पडूं द्यावें. काय पडलें आणि कां पडलें, हें पाहून तेवढा भाग पुनः बांधावा. पंख पडला तर त्याला दोन ठिकाणीं धरावें. नाक खालीं झुकलें तर मागील भार वाढवावा किंवा पुढील कमी करावा. अशा तीन-चार फेऱ्या झाल्यावांचून चांगलें यान सहसा तयार होत नाहीं.

नेमक्या या ठिकाणीं पुष्कळ घरांतून गैरसमज होतो. मुलाचें यान पडून फुटलें कीं घरांत हळहळ होते. एवढ्या मेहनतीनें केलेलें मोडलें, असें म्हणून त्याची समजूत घातली जाते. आणि पुढच्या खेपेस महागाचें खोकें आणून, पुस्तिकेबरहुकूम जोडून, तें यान कांचेच्या कपाटांत ठेवलें जातें. पाहुण्यांना तें दाखवितात, त्यावरची धूळ झटकतात. पण मुलाला त्याला हात लावूं देत नाहींत. हेतु चांगला असतो, परंतु मुलाच्या मनावर त्याचा असा ठसा उमटतो कीं, मोडणें म्हणजे अपराध, आणि दुसऱ्यानें आंखून दिलेलें तेवढेंच सुरक्षित.

खऱ्या यानांचा इतिहास याच्या अगदीं उलट सांगतो. ७ सप्टेंबर २०१९ च्या उत्तररात्रीं चांद्रयान-२ चा विक्रम नांवाचा अवतरक चंद्राच्या पृष्ठभागाजवळ पोंचला असतां त्याचा वेग अपेक्षेप्रमाणें कमी झाला नाहीं आणि तो आदळून नष्ट झाला. साऱ्या देशानें तें अपयश जागून पाहिलें. बंगळूरूच्या शास्त्रज्ञांनीं त्यानंतर काय केलें? त्यांनीं जुनी रचना टाकून दिली नाहीं, आणि होती तशीच पुनः पाठविलीहि नाहीं. कोठें काय चुकूं शकतें याची यादी करून त्यांनीं ती सुधारली. पाय अधिक मजबूत केले. इंधन वाढविलें. उतरण्यासाठीं नेमलेलें क्षेत्र पूर्वीच्या मानानें कितीतरी विस्तृत केलें. पूर्वीं पांच यंत्रें होतीं, त्यांतील मधलें काढून चारच ठेवलीं. १४ जुलै २०२३ रोजीं चांद्रयान-३ निघालें आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीं संध्याकाळीं नवा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत सुखरूप उतरला. दोन्ही विक्रमांचीं चित्रें शेजारीशेजारीं ठेवलीं तर ते भाऊभाऊ दिसतात. परंतु दुसऱ्यांत जें अधिक आहे तें पहिल्याच्या मोडण्यानें शिकविलेलें आहे. मेजावरील यान जमिनीवर पडतें, तेव्हां घरांत हीच कथा लहान प्रमाणावर घडत असते. मुलगा तुकडे गोळा करून ‘आतां पाय रुंद करतों’ असें म्हणाला, तर त्या खेळण्याची किंमत त्या क्षणीं वसूल झाली असें समजावें.

अलीकडे यान योजण्यास संगणकाचेंहि साहाय्य मिळतें. ऑस्ट्रेलियांतील जेम्स जेसिमन या तरुणानें १९९५ सालीं एलड्रॉ नांवाची एक प्रणाली तयार करून ती सर्वांस विनामूल्य दिली. तिच्या साहाय्यानें पडद्यावर एकेक ठोकळा लावून पाहतां येतो, आणि कोणते तुकडे किती लागतील त्याची यादीहि करतां येते. जेसिमन १९९७ सालीं तरुणपणींच वारला. परंतु त्यानें घातलेल्या पायावर जगभरच्या हौशी मंडळींनीं मोठी इमारत उभारली आहे. हौशी माणसाची रचना कोठवर पोंचूं शकते याचें उदाहरण सॅटर्न-५ या चंद्रावर माणसें नेणाऱ्या अमेरिकन प्रक्षेपकाच्या प्रतिकृतीचें आहे. ती मूळ योजिली कारखान्याबाहेरच्या दोघां हौशी माणसांनीं. लोकांच्या पसंतीवरून कारखान्यानें ती स्वीकारली आणि २०१७ सालीं बाजारांत आणली. एक मीटर उंचीच्या त्या प्रतिकृतींत मुद्दाम १,९६९ तुकडे ठेवले आहेत. कारण माणसानें चंद्रावर पाऊल ठेवलें तें वर्ष १९६९. कांहीं हौशी मंडळी तर दरवर्षीं सप्टेंबर महिन्यांत निदान शंभर घुंड्या, म्हणजे ८० सेंटिमीटर, लांबीचें यान त्याच एका महिन्यांत पुरें करण्याचा संकल्प सोडतात. मात्र पडद्यावरच्या रचनेबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. तेथें ठोकळ्यांना वजन नसतें आणि डब्याला तळ नसतो. पडद्यावर डौलानें उभें असलेलें यान हातांत घेतांच मान टाकतें. म्हणून अखेरचा शब्द हातालाच द्यावा.

आतां एका रास्त आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हें खेळणें महाग आहे, आणि तें प्लास्टिकचें आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मूळ पेटंटाची मुदत केव्हांच संपल्यामुळें इतर कारखान्यांचेहि तशाच मापाचे ठोकळे स्वस्तांत मिळतात. परंतु त्यांतील कांहींची पकड सैल असते, तेव्हां पारखून घ्यावे. याहून चांगला उपाय शेजारधर्माचा आहे. वारज्यासारख्या वस्तींत एकेका इमारतींत पुष्कळ मुलें असतात, आणि मोठ्या झालेल्या मुलांचे डबे माळ्यावर पडून असतात. पांच-सहा घरांनीं ते एकत्र केले, तर एकट्यादुकट्या श्रीमंत घरालाहि हेवा वाटावा असा सांठा जमेल, आणि मुलांना एका यानावर मिळून काम करण्याची संवय लागेल. प्लास्टिक कुजत नाहीं हा त्याचा मोठा दोष. परंतु तेंच खेळणें तीन पिढ्यांच्या हातांतून फिरलें तर त्या दोषाचा भार पुष्कळ हलका होतो. एका सुटींत खेळून फेंकून देण्याच्या खेळण्यांना हें समर्थन नाहीं.

आणि ज्या घरीं हे ठोकळे मुळींच येऊं शकत नाहींत, तेथील मुलानें यान बांधूं नये असें थोडेंच आहे? ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें, तेव्हां परदेशी साधनांच्या मोलाचा प्रश्न त्यांच्यापुढेंहि होता. त्यांनीं आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंतून साधनें निर्माण केलीं. पुण्यांत आयुका या संस्थेच्या आवारांत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तेथें अरविंद गुप्ता यांनीं अनेक वर्षें टाकाऊ वस्तूंतून शास्त्रीय खेळणीं करून दाखविलीं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या सामग्रींतून त्यांनीं त्रिकोण, घन, मनोरे उभे करावयास मुलांना शिकविलें. चौकोन दाबला कीं कलतो आणि त्रिकोण कलत नाहीं, ही यानाच्या सांगाड्याची पहिली संथा त्या काड्यांतूनहि तितकीच चांगली मिळते. साधन कोणतें हा प्रश्न दुय्यम आहे. मापाचा नियम पाळून, आपल्या मनांतील वस्तु आपल्या हातानें उभी करणें, हें मुख्य.

शिक्षकांनीं आणि पालकांनीं या बाबतींत फार कांहीं करावयाचें नाहीं. थोडें न करावयाचें आहे. यान कसें असावें हें सांगूं नये. मुलानें विचारल्यावांचून दुरुस्ती सुचवूं नये. ‘हें कशासारखें आहे?’ असें न विचारतां ‘हें कसें चालतें?’ असें विचारावें. कारण पहिल्या प्रश्नानें मुलगा नक्कल करूं लागतो, दुसऱ्यानें विचार करूं लागतो. खोक्याबरोबर आलेलें यान एकदां पुस्तिकेबरहुकूम अवश्य जोडूं द्यावें. त्यांतून जाणत्या रचनाकारांच्या युक्त्या कळतात. परंतु कांहीं दिवसांनीं तें मोडून त्याचे तुकडे मोठ्या डब्यांत मिसळूं द्यावे. जें यान फार आवडलें असेल त्याचें एक चित्र मुलाकडूनच काढवून घ्यावें, चारी बाजूंचीं मापें घुंड्यांत लिहवून घ्यावीं, आणि मग तेंहि मोडण्यास मोकळीक द्यावी. वर्षाअखेरीस त्या चित्रांची वही चाळली, तर मुलाची प्रगति प्रगतिपुस्तकापेक्षां अधिक स्पष्ट दिसेल.

शाळांतूनहि यासाठीं आठवड्याचा एखादा तास काढणें अशक्य नाहीं. प्रमाण, भागाकार, सम-विषम, गुरुत्वमध्य, त्रिकोणाची दृढता हे विषय पाठ्यपुस्तकांत निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात. एका यानांत ते सारे एकत्र येतात, आणि त्यांतील एकहि चुकला तर यानच मुलाला तसें सांगतें. शिक्षकाला लाल शाई वापरावी लागत नाहीं.

सारांश, वारज्यांतील एखाद्या घरांत आज संध्याकाळीं मेजावरून कांहीं पडल्याचा आवाज झाला आणि जमिनीवर रंगीबेरंगी ठोकळे विखुरले, तर वडील माणसांनीं रागावूं नये आणि हळहळूंहि नये. ते तुकडे भरून डबा लगेच उचलून ठेवण्याची घाई करूं नये. मुलगा खालीं वांकून कोणता तुकडा प्रथम हातीं घेतो, तेवढें दुरून पाहावें, आणि जेवणाची हांक थोडी उशिरानें मारावी.